बाटली नको, गायरी बघायला या: गोव्यातल्या कृषी अधिकाऱ्यांना खुले पत्र

गोव्यातल्या विभागीय कृषी कार्यालयांत बसणाऱ्या, आणि कार्यालयापेक्षा जास्त वेळ उन्हातान्हात फिरणाऱ्या सर्व कृषी अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी मी आणि माझा भाचा आमच्या तेलपामच्या बागेत एक कुजकं खोड फोडायला बसलो. दोन वर्षांपूर्वी पाडलेलं झाड. पाडलं तेव्हा ते ओढून न्यायला माणसं मिळाली नाहीत, जेसीबी आत येण्यासारखी वाट नव्हती, म्हणून पडलं तिथंच राहिलं. वरून बघितलं तर काही नाही: वाळलेलं शेवाळ, एका बाजूनं वाळवीची माती. कोयत्याचा पहिला घाव घातला तर कोयता ओल्या भुशात रुतावा तसा रुतून बसला. दुसऱ्या घावाला वरचं टरफल सुटलं आणि आतून त्या घरंगळल्या. अंगठ्याएवढ्या जाड, मळकट पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या अळ्या. भाचा मोजत बसला. हातभर तुकड्यात 43 निघाल्या. कोंबड्यांना बातमी कुणी दिली कोण जाणे, पाच मिनिटांत सगळ्या आमच्याभोवती.

गेंड्या भुंग्याच्या, म्हणजे माड-पामचे कोंब पोखरणाऱ्या शिंगवाल्या भुंग्याच्या, अळ्या या. अळीचे दिवस साधारण साडेतीन ते चार महिने, त्यानंतर तीन-चार आठवडे कोष. म्हणजे आज मार्चात ज्या चांगल्या पोसलेल्या दिसतात, त्या पहिल्या पावसाच्या सुमाराला शिंगं घेऊन उडणार. ते खोड हातभर नव्हतं, सात-आठ मीटरचं होतं. आणि अशी खोडं माझ्या बागेत 18 आहेत. मीच ठेवलेली.

तेव्हा या पत्रातली पहिली तक्रार स्वतःविरुद्धच आहे, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचताना तुम्हाला बरं जाईल.

माझी बागायत सत्तरी तालुक्यात. खाली कुळागर: माड, पोफळी, मिरवेली, केळी. वरच्या भरडावर वडिलांनी लावलेली पामची अर्धा हेक्टर बाग. नऊ-नऊ मीटरवर तिकोनी लागवड, हेक्टरी 143 या हिशेबानं 71 झाडं. त्यातली 18 फार उंच आणि थकलेली झाली होती. घड काढायला विळ्याची काठी पुरेना. ती पाडून तिथं नवी रोपं लावली. जुन्या झाडांना भुंग्यानं कधी फारसं छळलं नव्हतं, त्यामुळे मला त्याची धास्तीच नव्हती. पण गेंड्या भुंग्याला म्हातारं झाड नको असतं. त्याला हवा असतो कोवळा कोंब. पहिली दोन-तीन वर्षं रोप जमिनीलगत असतं, कोंबात गोड रस असतो, भुंगा रात्री येऊन देठाच्या बेचक्यातून भोक पाडतो, आत शिरतो, रस चोखतो आणि चावलेला चोथा भोकातून बाहेर ढकलतो. सकाळी तो चोथा तंबाखूच्या थुंकलेल्या गोळीसारखा देठाशी चिकटलेला दिसतो. पान तेव्हा बंद असतं, त्यामुळे नुकसान लगेच कळत नाही. महिन्याभरानं पान उलगडतं आणि कुणीतरी कात्रीनं पताका कातरावी तसं दोन्ही बाजूंनी सारखं कापलेलं निघतं. माझ्या 18 रोपांपैकी 11 रोपांची पानं अशी पताकेसारखी झाली. दोन रोपांचा कोंबच गेला.

आता बाटलीची गोष्ट.

कापलेलं पान घेऊन मी बाजारात एका दुकानात गेले. दुकानदारानं पान हातातही घेतलं नाही. फडताळातून एक बाटली काढली आणि म्हणाला, "वयनी, हे मारा. सगळं साफ." मी विचारलं, कधी मारू, कुठं मारू? म्हणाला, "सगळीकडे." पूर्वी याच दुकानात फोरेटचे दाणे मिळायचे. वडील फडक्याच्या पुरचुंड्या करून देठाच्या बेचक्यात ठेवायचे, आणि त्या दिवशी आम्हा मुलांना बागेत जायला बंदी. 31 डिसेंबर 2020 पासून फोरेट देशात बंद झालं, ते बरंच झालं. पण पुरचुंडी गेली तरी सवय गेली नाही. पानाला काही दिसलं की फवारा, ही आमच्या मनातली पहिली ओळ आहे. ती पुसायला मला तुमची मदत हवी आहे. दुकानदार ती पुसणार नाही, त्याचं पोट त्या ओळीवर आहे.

मी तो फवारा मारला का? मारला. एकदा. भुंगा आत, औषध बाहेर. भुंग्याला काही झालं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुन्या झाडांच्या नर फुलांखाली बारीक काळपट सोंडे, म्हणजे सोंड असलेले किडे, मरून पडलेले दिसले, मोहरीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठे. आणि मग मला जे वाचायला मिळालं ते बाटलीवर कुठंच छापलेलं नव्हतं.

पामला नर फुलोरा वेगळा आणि मादी फुलोरा वेगळा. एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या वेळी. नर फुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास येतो, तुम्ही कधी जवळ जाऊन घेतला नसेल तर जरूर घ्या. त्या वासावर हे बारीक सोंडे येतात, तिथंच खातात, तिथंच अंडी घालतात. मादी फुलोराही तसाच वास सोडतो. हे फसून तिकडे जातात आणि अंगावरचा पराग तिथं झाडतात. घड भरतो तो या फसगतीवर. हा किडा आफ्रिकेतला, कॅमेरूनचा. मलेशियात तो 1981 साली नेऊन सोडला; त्याआधी तिथल्या मळ्यांत मजूर हातानं पराग उडवत फिरायचे. आपल्या देशात तो 1985 साली केरळात आणला. म्हणजे एका किड्याला मारायला मी बाटली उघडली आणि ज्या किड्याच्या जिवावर माझा घड भरतो त्याला मारलं. त्या हंगामातले काही घड अर्धे पोचट निघाले. फवाऱ्यामुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी माझ्या जागी असता तर त्यालाही रात्री झोप लागली नसती.

पाममधल्या किडींचा इतिहास बघितला तर माझी चूक काही नवी नाही. मलेशियात 1950-60 च्या दशकात मोठ्या मळ्यांनी दिसेल त्या किडीवर जहाल औषधं फवारली. झालं असं की पोतेरी अळी, म्हणजे अंगाभोवती पानांच्या तुकड्यांची पिशवी विणून लटकणारी अळी, हिच्यावर जगणाऱ्या गांधीलमाश्या आणि परजीवी आधी मेल्या. अळी पिशवीत सुरक्षित. मग तिचे जे थवे उठले ते त्याआधी कुणी पाहिले नव्हते. फवारणी हात आखडून करायला लागल्यावर प्रकरण निवळलं. आज तिथले मळेवाले रस्त्याकडेला पिवळ्या फुलांची टर्नेरा मुद्दाम लावतात, कारण परजीवी माश्यांना त्या फुलांतला मध लागतो. फारच झालं तर फक्त अळीला मारणारं जिवाणूचं औषध. आपल्या आंध्रातल्या पाम बागांनीही ही पोतेरी अळी पाहिली आहे. आमच्याकडे मी अजून चार-दोनच पिशव्या पाहिल्या, हातानं तोडल्या, संपलं.

आणि एवढं लांब मलेशियाला तरी कशाला जायचं? मडगावला रेल्वेत बसलं की मंगळूरनंतर कासरगोड लागतं. तिथं काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं, टेकड्यांवरचं विष ओढ्यांत आणि विहिरींत उतरलं आणि पिढ्यांनी ते भोगलं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली. आमची भरडही टेकडीवरच आहे, आणि खाली ज्या झरीचं पाणी पोफळीला जातं तेच आम्ही पितो.

पाम गोव्यात असावा की नसावा, हा वाद मी या पत्रात घालणार नाही. उन्हाळ्यात एक झाड दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी मागतं, घड काढल्यावर चोवीस तासांत तो गाळायला पोचवावा लागतो, भाव परदेशच्या बाजारावर नाचतो; हे सगळं मला रोज दिसतं. पण झाडं लावलेली आहेत, आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं 11,040 कोटी रुपयांचं खाद्यतेल-पाम अभियान मंजूर केल्यापासून आणखी लावा असं सांगितलं जातं आहे. तेव्हा जी आहेत त्यांचं बोलू.

त्या अभियानात नव्या लागवडीला रोपांसाठी हेक्टरी 29,000 रुपये ठरवले, पूर्वी 12,000 होते. जुनी बाग बदलायला झाडामागे 250 रुपये. चांगली गोष्ट. पण बाग बदलायची म्हणजे जुनं झाड पाडायचं, आणि पाडलेलं झाड म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. 250 रुपयांत रोप लावून होईल. एक पाम पाडून, फोडून, सुकवून, हलवून होणार नाही. मग खोड माझ्यासारखंच जिथल्या तिथं राहतं आणि शेजारी आपण त्याचंच आवडतं कोवळं रोप लावतो. पाहुण्याला खोलीही आम्ही देतो आणि ताटही आम्हीच वाढतो.

फक्त पामच्या खोडाचं नाही. भुंगा कुजकं काय मिळेल त्यात अंडी घालतो. आमची गायरी, म्हणजे गोठ्यामागचा शेणाचा ढीग, रविवारी तीही उकरली. खोडापेक्षा कमी, पण तिथंही होत्या. मग हद्दीपलीकडचं भाट, म्हणजे शेजारची माडांची जमीन, बघितलं. तिथं वादळात पडलेले दोन माड तीन वर्षं आडवे आहेत. भाटकार पोर्तुगालला. घराला कुलूप, वाट काट्यांनी मुजलेली. भाच्यानं काठीनं एका खोडाचं टोक उचकटलं आणि मला म्हणाला, "मामी, हे आपल्यापेक्षा भरलेलं आहे." गोव्यात उभा माड पाडायला परवानगी लागते, पडलेला माड उचला असं मात्र कुणी कुणाला सांगत नाही. 2016 साली माड हा कायद्यानं झाड आहे की नाही यावरून केवढं रान उठलं होतं, 2017 मध्ये तो राज्यवृक्ष झाला. राज्यवृक्ष आडवा झाल्यावर कुणाचा, हे तेवढं ठरायचं राहिलं.

माझं सगळं म्हणणं इथंच येऊन थांबतं. मदत शेतकऱ्याच्या नावावर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, हेक्टरावर मोजून मिळते. भुंगा वाड्यावर, म्हणजे अख्ख्या वस्तीवर, जगतो. मी माझी 18 खोडं जाळली, फोडली, तरी पलीकडचे दोन माड मला पुरून उरतील.

सापळ्याचंही तसंच झालं. कामगंधाचा सापळा मी स्वतःच्या पैशानं आणला आणि हौसेनं बागेच्या बरोबर मधोमध, नव्या रोपांत टांगला. आठवड्याला दहा-बारा भुंगे बादलीत. मी खूश, घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बादली दाखवायची. मग बघते तर सापळ्याच्या भोवतालच्या चार रोपांनाच नवी भोकं. तो गंध नर भुंग्याचा. त्यावर नर-मादी दोन्ही लांबून येतात. पण आलेला प्रत्येक भुंगा बादलीतच पडेल असं कुठं आहे? वाटेत कोवळा कोंब दिसला की तो तिथं उतरतो. सापळा रोपांपासून लांब, बागेच्या कडेला हवा होता. आणि एकट्या माझ्या बागेत टांगला म्हणजे मी वाड्यातल्या भुंग्यांना बोलावणं धाडलं. सगळ्यांनी मिळून, वाड्याच्या कडेकडेनं टांगले तर गोष्ट वेगळी. हे मला चार रोपं खर्चून कळलं. तुमच्यापैकी कुणी सापळे वाटणार असाल तर बादलीबरोबर एवढं एक वाक्य वाटा.

गेंड्या भुंगा माड मारत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. खरं आहे, पण तो दार उघडून जातो. त्याच्या भोकातून ताज्या जखमेचा वास सुटतो आणि त्यावर लाल सोंड्या हा दुसरा, लांब सोंडेचा भुंगा येतो. तो मात्र मारतो. आमच्याकडे जे पाडेली मामा येतात, वय सत्तरच्या घरात, आता फक्त आमच्यासारख्या चार घरचे माड चढतात. गेल्या गणपतीत ते एका बारा वर्षांच्या माडाखाली थांबले. माड हिरवागार, नारळ धरलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, "बाये, हांगा कान लाय." मी बुंध्याला कान लावला. आतून आवाज येत होता, कुणीतरी सुकी भाकरी सावकाश चावत असल्यासारखा. छातीएवढ्या उंचीवर एक बारीक भोक, त्यातून तांबूस रस ओघळून वाळलेला. मामा म्हणाले, उशीर झाला. दिवाळीनंतर त्या माडाचा शेंडा एका रात्रीत मोडून पडला. आतलं खोड कुजून दारूच्या पिंपासारखं आंबलेलं, आणि त्यात नारळाच्या काथ्याचे विणलेले कोष, बोटाएवढे. सोडवून बघितले तर आत लांब सोंडेचा लालसर भुंगा, उडायला तयार.

मामांना हे कान लावून कळतं. गेंड्या भुंगा ते लोखंडी आकडीनं भोकातून ओढून काढतात, मग त्या बेचक्यात राख-वाळू टाकतात. पुस्तकातलं म्हणणंही फार वेगळं नाही: वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून, वर्षातून तीनदा. झावळ काढताना बुंध्याशी साफ कापायची नाही, हात-दीड हाताहून जास्त, मीटरभर देठ ठेवायचा, म्हणजे सोंड्या खोडापर्यंत पोचत नाही. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण मामांसारखे आता वाड्यात किती उरले? पाडेली मिळत नाहीत हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. माडावर चढायचं प्रशिक्षण देताना पोराला नुसतं चढायला-उतरायला शिकवू नका. वर गेल्यावर बघायचं काय, कान लावायचा कुठं, आकडी घालायची कशी, तेही शिकवा. माडाच्या शेंड्यापर्यंत नेमानं जाणारा तोच एक माणूस आहे.

पांढऱ्या माशीबद्दल थोडक्यात. 2016 साली तामिळनाडूतल्या पोल्लाचीत पहिल्यांदा दिसलेली ती चक्राकार पांढरी माशी आता आमच्या माडांवरही आहे, पामवरही आहे. पानाखाली पांढरी मेणचट वलयं, खालच्या पानांवर चिकट रस, त्यावर काजळी. केळीची पानं जेवायला घ्यायची सोय उरली नाही. दिसायला भयंकर, म्हणून बाटलीची घाई सर्वांत जास्त इथंच होते. आणि इथंच ती सर्वांत कमी कामाची, कारण या माशीच्या पिलांत अंडी घालणारी एक सुईच्या टोकाएवढी गांधीलमाशी तिच्या मागोमाग आलेली आहे, आणि फवारा आधी तिला मारतो. मी पाण्याचा जोराचा झोत मारला, एकदा निंबोळी तेल. पुढच्या पावसाळ्यात काजळी निम्म्यानं कमी. यात माझं कर्तृत्व किती आणि त्या माशीचं किती, हे मी माझ्या बाजूनं झुकवून सांगत नाही.

आता मागणं काय, ते सांगते.

मला बाटलीवरचं अनुदान नको. ते पैसे खोडांवर घाला. जिथं जुनी झाडं पाडून नवी लावायची आहेत तिथं आधी खोड फोडून विखरा, त्यावर वेलाचं आच्छादन चढवा, आणि मगच रोप लावू द्या. वेलानं झाकलेलं खोड उडत्या भुंग्याला सापडत नाही, ही मोठ्या मळ्यांची जुनी युक्ती आहे. गाळून उरलेले रिकामे घड आच्छादनाला देता तेव्हा ते थरानं पसरायला सांगा. ढीग घातला की तीही गायरीच. खोड फोडायला एखादं यंत्र विभागीय कार्यालयात ठेवता आलं आणि दिवसाच्या भाड्यानं देता आलं तर बागायतदार रांग लावतील, मी पहिली.

दुसरं मागणं हिरव्या बुरशीचं. मेटॅरायझियम. ही बुरशी अळीला लागली की अळी आधी पांढरी, मग शेवाळी हिरवी होऊन ताठ होते. कोंबडीला, गाईला, माणसाला तिचा त्रास नाही. गायरीत आणि कुजक्या खोडांत ती मिसळायची, म्हणजे भुंगा उडायच्या आधीच संपतो. ती घरगुती पद्धतीनं अर्धवट शिजवलेल्या तांदळावर किंवा नारळाच्या पाण्यावर वाढवता येते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या कायमकुळम केंद्रानं केरळात पंचायती आणि बायकांचे बचतगट हाताशी धरून हे केलं: गटांनी बुरशी वाढवली, घरोघरच्या खतखड्ड्यांत घातली, पूर्ण गाव एकदम. एकेका बागेत नव्हे. आमच्या वाड्यातल्या बचतगटात 14 बायका आहेत. पापड-लोणची करून थकलो. फेणीच्या हंगामात काजूची बोंडं मळतो, रस आंबवायचं आम्हाला कुणी शिकवायला नको. तांदळावर बुरशी वाढवणं त्याहून अवघड असेल असं वाटत नाही. स्वच्छता किती पाळायची, मूळ विरजण कुठून आणायचं, एवढं शिकवणारा माणूस द्या. एला, जुने गोवे इथली किनारी कृषी संशोधन संस्था आपल्या घरातली आहे. आंध्रातल्या पेदवेगीची पाम संशोधन संस्था फोनवर आहे. भुंग्याला आजारी पाडणारा एक विषाणूही आहे, लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर 1980 च्या दशकात तो सोडून भुंगा खाली आणला होता. ते काम शास्त्रज्ञांचं, त्यात मी तोंड घालत नाही; पण कुणी विचारलं तर गोव्यात सोडायला आमची भरड हजर आहे.

तिसरं जरा अडचणीचं. कुलूपबंद भाटांचं काय? आम्ही आत शिरून दुसऱ्याची खोडं फोडली तर उद्या चोरीचा कागद यायचा. पंचायतीनं नोटीस काढावी, उत्तर आलं नाही तर पंचांसमोर खोड फोडून तिथंच पसरावं, एवढा साधा रस्ता तुम्ही आणि पंचायत बसून काढू शकाल. ऑनलाइन उतारा बघता येतो, मालक लिस्बनमध्ये असला तरी त्याला मेल जातो. मी पलीकडच्या भाटकारांना स्वतः लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: जरूर उचला, शिवाय आमच्या विहिरीवरची वेल पण काढा. माणसं वाईट नसतात, त्यांना कुणी विचारत नाही.

आणि हे सगळं पावसाच्या आत व्हायला हवं. जूनमध्ये भुंगा उडाल्यावर सापळे वाटून उपयोग नाही, हे सापळा टांगणारीच तुम्हाला सांगते आहे. एप्रिलच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला आम्ही अर्ज दिला आहे. तुमच्यापैकी आमच्या भागातले जे असतील त्यांनी त्या सभेला यावं, आणि सभेआधी तासभर वेळ काढून आमच्याकडे यावं. वाट सांगते: देवळापाशी गाडी ठेवा, पुढं पायवाट. 17 खोडं अजून फोडायची आहेत, त्यातलं एक तुमच्यासाठी ठेवलंय. कोयता मी आणते, पायांत गमबूट तेवढे घालून या. खोडाखाली फुरसं असू शकतं. परत जाताना प्रत्येकानं एक डबा भरून अळ्या न्या आणि आपल्या कार्यालयातल्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी कुणी शेतकरी कापलेलं पान घेऊन आला तर त्याला बाटलीचं नाव सांगायच्या आधी डबा उघडून दाखवा आणि विचारा, "तुमच्या गायरीत या आहेत का?"

आपली,
सत्तरीतली एक बागायतदार